तळ्याच्या पाण्यातले पीळदार जिवाणू: ओळखायचे कसे आणि वर्गीकरण कशावर ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्याच्या एका मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थिनीने पावसाळ्यात सुरसागरच्या काठचे पाणी आणि विश्वामित्रीचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात तिला तीन तऱ्हेचे वळलेले जिवाणू दिसले: स्वल्पविरामाच्या आकाराचे, दोन-तीन पिळांचे जाडसर, आणि एक अतिशय बारीक, सतत वळवळणारा धागा. पाठ्यपुस्तकात व्हिब्रिओ, स्पायरिलम आणि स्पायरोकीट असे तीन गट दिलेले आहेत. मग कॅम्पायलोबॅक्टर व्हिब्रिओच्या घराण्यात का नाही, अझोस्पायरिलम आणि स्पायरिलम एकमेकांपासून इतके दूर का, आणि तो बारीक धागा लेप्टोस्पायरा (ज्याच्या काही जातींमुळे लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो तो) असेल का, असे तिने विचारले आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर घरचेही धास्तावलेले आहेत, म्हणून शेवटचा प्रश्न महत्त्वाचा.

आधी मुद्द्याचे सांगते. वळलेला आकार हे नात्याचे लक्षण नाही. जिवाणूंच्या किती तरी वेगवेगळ्या घराण्यांनी हा आकार स्वतंत्रपणे मिळवला आहे. याला कारणही आहे. चिकट, दाट द्रवातून पुढे सरकायला पीळदार शरीर सोयीचे पडते. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीच्या पेशीभित्तीची छाटणी करणारी एन्झाइमे निकामी केली की पेशी सरळ होतात, आणि असे सरळ जिवाणू उंदरांच्या जठरात नीट वस्ती करू शकत नाहीत. म्हणजे आकाराची गरज जागेवरून येते आणि तशी जागा कोणत्याही घराण्याच्या वाट्याला येऊ शकते. त्यामुळे आकार पाहून फक्त पुढची चाचणी कोणती करायची ते ठरवा, नाव ठरवू नका.

आकारानंतर पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हा जिवाणू हलतो कशाने? स्पायरिलम, कॅम्पायलोबॅक्टर, हेलिकोबॅक्टर, व्हिब्रिओ या सगळ्यांचे फ्लॅजेला (पोहायला वापरायचे शेपटीसारखे धागे) पेशीच्या बाहेर, टोकाला असतात आणि पेशी बऱ्यापैकी ताठ असते. स्पायरोकीटचे फ्लॅजेला आत असतात. ते दोन्ही टोकांपासून निघतात आणि बाहेरचे आवरण व पेशीभित्ती यांच्या मधल्या जागेत, शरीराला लपेटून असतात. ते फिरले की अख्खे शरीर वळते, वाकते, लहरते. हा फरक खरोखर खोलवरचा आहे. आतल्या फ्लॅजेलाची ही रचना स्पायरोकीट घराण्याची खूण आहे आणि जनुकांचा पुरावाही तिला दुजोरा देतो.

पण इथेही अपवाद आहेत. स्फीरोकीटा ही प्रजाती (जीनस, म्हणजे अनेक जातींचा गट) जनुकांनुसार याच घराण्यातली, पण तिच्या पेशी चक्क गोल आहेत आणि तिला फ्लॅजेला नाहीत. बोरेलिया या स्पायरोकीटचा पीळ त्याच्या फ्लॅजेलानेच घडवलेला असतो. त्याचे फ्लॅजेलाचे जनुक काढून टाकले की उरते ती सरळ काडी. लेप्टोस्पायराचे फ्लॅजेला काढले तरी मुख्य पीळ राहतो, फक्त टोकांचे आकडे जातात, कारण तिथे पीळ पेशीभित्तीत आहे. एकाच घराण्यातल्या दोन भावंडांनी पीळ दोन वेगळ्या मार्गांनी साधला आहे. आकारावर वर्गीकरण का टिकत नाही, हे यावरून कळावे.

आता इतिहास. सध्याच्या नावांचा गोंधळ तिथूनच आलेला आहे. एरेनबर्गने १८३० च्या दशकात स्पायरिलम आणि स्पायरोकीटा ही नावे दिली. फर्डिनांड कोहनने १८७२ मध्ये जिवाणूंचे गोल, आखूड काड्या, लांब काड्या आणि पीळदार असे आकारावर गट केले. तेव्हा हातात सूक्ष्मदर्शक सोडून दुसरे साधन नव्हते, त्यामुळे दोष देण्यासारखे काही नाही. ओबरमायरने १८६८ मध्ये बर्लिनमध्ये उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात पीळदार जीव पाहिले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या हेन्री व्हँडाइक कार्टरने तोच ताप अभ्यासला आणि त्या जीवाला स्पायरिलमच म्हटले. त्यानेच पुढे १८८७ मध्ये उंदराच्या रक्तात आणखी एक आखूड, जाड पीळदार जीव नोंदवला. आज पहिल्याला आपण बोरेलिया म्हणतो, म्हणजे स्पायरोकीट. दुसऱ्याचे नाव अजूनही स्पायरिलम मायनस आहे. उंदीर चावल्यावर येणाऱ्या तापाचे ते एक कारण. कृत्रिम माध्यमात ते आजवर खात्रीने वाढवता आलेले नाही, त्यामुळे त्याची जागा आजही पक्की नाही.

मोडतोड सुरू झाली ती डीएनए मोजता येऊ लागल्यावर. गुरांच्या गर्भपाताला कारणीभूत जिवाणू बरीच वर्षे व्हिब्रिओ फीटस म्हणून ओळखला जात होता. १९६३ मध्ये सेबाल्ड आणि व्हेरॉन यांनी दाखवले की त्याच्या डीएनएमध्ये ग्वानिन-सायटोसिनचे प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास आहे, तर खऱ्या व्हिब्रिओत, म्हणजे कॉलऱ्याच्या जिवाणूत, ते सत्तेचाळीसच्या आसपास असते. शिवाय हा साखर आंबवत नाही आणि त्याला हवेतला पूर्ण ऑक्सिजन सोसत नाही. त्यांनी त्याला कॅम्पायलोबॅक्टर हे नवे घर दिले. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे.

स्पायरिलमचेही तेच झाले. १९७३ मध्ये हायलमन, वेल्स आणि क्रीग यांनी त्या प्रजातीचे तीन भाग केले: गोड्या पाण्यातले अ‍ॅक्वास्पायरिलम, समुद्रातले ओशनोस्पायरिलम, आणि मूळ नाव ठेवले ते फक्त मोठ्या स्पायरिलम व्होल्यूटन्सपाशी. नत्र स्थिर करणारे स्पायरिलम लिपोफेरम १९७८ मध्ये अझोस्पायरिलम झाले. कृषी केंद्रात ज्वारी-बाजरीसाठी पाकिटातून मिळणारे जिवाणू खत ते हेच. आजच्या मांडणीत स्पायरिलम व्होल्यूटन्स बीटाप्रोटिओबॅक्टेरियात, अझोस्पायरिलम, ऱ्होडोस्पायरिलम आणि मॅग्नेटोस्पायरिलम अल्फात, ओशनोस्पायरिलम आणि व्हिब्रिओ गॅमात येतात. कॅम्पायलोबॅक्टर आणि हेलिकोबॅक्टर यांचा तर स्वतंत्र संघ (फायलम, सर्वात वरच्या पातळीचा गट) आहे, कॅम्पायलोबॅक्टरोटा. स्पायरोकीटोटा या सगळ्यांपासून वेगळा संघ. आणि हो, दुकानात विकली जाणारी स्पायरुलिना या यादीत बसत नाही. ती प्रकाशसंश्लेषण करणारी सायनोबॅक्टेरिया आहे, तिचा पीळ अनेक पेशींच्या साखळीचा असतो.

हेलिकोबॅक्टरची कथा वर्गीकरण शिकवायला फार उपयोगी पडते. पर्थमध्ये वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ मध्ये तो वाढवला. पहिल्या कल्चरच्या बशा दोन दिवसांत वाढ नाही म्हणून फेकल्या जात होत्या. ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस राहिल्या आणि वसाहती दिसल्या. सुरुवातीला तो कॅम्पायलोबॅक्टरमध्ये घातला गेला. १९८९ मध्ये त्याची अंतर्रचना, पेशीतील मेदाम्ले, श्वसनसाखळीतील क्विनोन, वाढीच्या गरजा आणि एन्झाइमे या सगळ्यांचा एकत्र विचार करून स्वतंत्र प्रजाती केली गेली. त्याच्या फ्लॅजेलावर आवरण असते आणि युरिएज (युरिया फोडणारे एन्झाइम) जोरदार असते. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीत या दोन्ही गोष्टी नाहीत. वेगवेगळ्या पद्धतींनी मिळालेले पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतात तेव्हाच नवे नाव टिकते.

आता कामाचे. तुमच्या पाण्याच्या नमुन्यापासून सुरू करू. विश्वामित्रीत मगरी आहेत, त्यामुळे गाळ घ्यायला काठावर उतरू नका. लांब काठीला बाटली बांधून घ्या, हातमोजे आणि बंद बूट घाला, पायाला जखम असेल तर जाऊच नका.

ग्रॅम स्टेनने (जिवाणू रंगवून पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीने) सुरुवात करू नका, ही सर्वात मोठी चूक आहे. वाळवणे आणि ज्योतीवर गरम करणे यात पीळ सैल होतो. ट्रेपोनेमा (हाही स्पायरोकीट) आणि लेप्टोस्पायरा तर दिसतच नाहीत. त्यांची जाडी ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर आहे, म्हणजे साध्या प्रकाशात दोन बिंदू वेगळे दिसण्याच्या मर्यादेलाच किंवा तिच्याही खाली. म्हणून जिवंत ओला नमुना डार्कफील्डमध्ये पाहायचा. पार्श्वभूमी काळी असते आणि जिवाणू विखुरलेल्या प्रकाशाने उजळतात, त्यामुळे मर्यादेपेक्षा बारीक वस्तूचेही अस्तित्व कळते.

पद्धत अशी. काच साधारण १ मिलिमीटर जाड आणि अल्कोहोलने पुसलेली हवी. जाड काचेवर कंडेन्सरचा (नमुन्याखालच्या, प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाचा) प्रकाश नमुन्यापर्यंत केंद्रित होत नाही. दहा मायक्रोलिटर नमुना, त्यावर २२ बाय २२ ची कव्हरस्लिप. थेंब मोठा झाला तर वरखाली तरंगणाऱ्या कणांचा उजेड सगळे क्षेत्र राखाडी करतो. कंडेन्सर तेलाचा असेल तर त्याच्या माथ्यावर तेलाचा थेंब ठेवून कंडेन्सर हळूच वर आणा. मध्ये हवेचा एक बुडबुडा राहिला तरी अर्धे क्षेत्र अंधारे होते, अशा वेळी पुसून पुन्हा करावे लागते. आधी १०एक्सवर उजेडाचे कडे मध्यभागी आणा, मग ४०एक्सवर जा. लेप्टोस्पायरासाठी २०० ते ४०० पट विवर्धन पुरते. १००एक्सची भिंग वापरायची असेल तर तिच्यात आयरिस (लहानमोठे करता येणारे छिद्र) हवी, कारण भिंगाचे, प्रकाश घेण्याची क्षमता सांगणारे, न्यूमेरिकल अ‍ॅपर्चर कंडेन्सरच्या अ‍ॅपर्चरपेक्षा कमी असल्याशिवाय क्षेत्र काळे होत नाही. कॉलेजात डार्कफील्ड कंडेन्सर नसेल तर साध्या कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या खाचेत काळ्या कागदाची गोल चकती ठेवूनही १०एक्स, २०एक्सवर काम होते. मोठी स्पायरिला त्यात छान दिसतात. लेप्टोस्पायरासाठी मात्र त्यावर विसंबू नका.

डोळा तयार करायला सर्वात सोपा नमुना तोंडात असतो. हिरडीच्या कडेचा थोडा किटण टूथपिकने काढून सलाईनच्या थेंबात मिसळा. हिरड्या थोड्याशाही सुजलेल्या असतील तर ट्रेपोनेमा बहुधा दिसतीलच. याच कारणाने तोंडातल्या जखमेतून घेतलेला नमुना डार्कफील्डमध्ये पाहून सिफिलिसचे निदान करत नाहीत. तिथे नेहमीचे ट्रेपोनेमा आणि सिफिलिसचा ट्रेपोनेमा पॅलिडम डोळ्याने वेगळे काढता येत नाहीत.

आता तुमच्या तीन आकृत्या. जाडसर, ताठ, दोन-तीन पिळांचा आणि सरळ रेषेत पोहून क्षणात उलट दिशेला जाणारा: हे स्पायरिलमसारखे वागणे आहे. स्पायरिलम व्होल्यूटन्स असेल तर तो दीड मायक्रोमीटरच्या आसपास रुंद आणि १४ ते ६० मायक्रोमीटर लांब असतो. इतका मोठा की डार्कफील्डमध्ये त्याच्या दोन्ही टोकांचे फ्लॅजेलाचे झुपके न रंगवताही दिसतात. दिशा बदलताना दोन्ही झुपके एकाच वेळी पालटतात. हे एकदा नीट पाहून घ्या, वर्णन वाचून ते कळत नाही. बारीक, शरीर मध्येच वाकवणारा आणि पीळ सैल-घट्ट करणारा धागा स्पायरोकीट. त्याचे उपगट पिळांच्या अंतरावरून अंदाजाने सांगता येतात. लेप्टोस्पायराचे पीळ फार दाट, साधारण ०.७ मायक्रोमीटरवर एक, म्हणून तो बारीक मण्यांच्या माळेसारखा दिसतो. एक किंवा दोन्ही टोके आकड्यासारखी वळलेली असतात आणि तो स्वतःभोवती वेगाने फिरतो. ट्रेपोनेमाचे पीळ थोडे लांब, एक मायक्रोमीटरच्या जरा वर. बोरेलियाचे त्याहून सैल, दोन-तीन मायक्रोमीटरचे, पण तो उवा आणि गोचिडीत राहणारा जीव आहे, तळ्यात सापडणार नाही. बोरेलिया जाड असल्याने रक्ताच्या जिम्सा स्मिअरमध्येही दिसतो. स्वल्पविरामासारखे जिवाणू नुसते पाहून कुठलेच नाव लिहू नका. गाळात सल्फेट वापरणारे डिसल्फोव्हिब्रिओ असतात, पाण्यात व्हिब्रिओ असतात, आणि या दोघांचे संघच वेगळे.

फ्लॅजेलाची संख्या पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. लेप्टोस्पायराला प्रत्येक टोकाला एकच असतो आणि दोन्ही मध्यभागी एकमेकांपर्यंत पोहोचत नाहीत. ट्रेपोनेमा पॅलिडमला प्रत्येक टोकाला दोन-चार, लाइम रोगाच्या बोरेलियाला सात ते अकरा. शिंपल्यांमध्ये राहणाऱ्या क्रिस्टिस्पायराला शंभराहून जास्त. पदवीच्या कामाला हे लागणार नाही, पण वर्गीकरणाच्या वर्णनात ते येतेच.

वाढवण्याबद्दल. प्रत्येकाला वेगळी हवा आणि वेगळे अन्न लागते, आणि हीच वर्गीकरणाची दुसरी पायरी आहे. अझोस्पायरिलमसाठी नत्ररहित अर्धघन एनएफबी माध्यम: लिटरमागे ५ ग्रॅम मॅलिक आम्ल, ०.५ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट, ०.२ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, ०.१ ग्रॅम मीठ, चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड, सूक्ष्म अन्नद्रव्ये, ब्रोमोथायमॉल ब्लू आणि १.७५ ग्रॅम अगर. पोटॅशियम हायड्रॉक्साइडने पीएच ६.८ करा. बाजरीच्या मुळाचे धुतलेले तुकडे टाकून ३० अंशांवर न हलवता ठेवा. दोन-तीन दिवसांत पृष्ठभागाच्या किंचित खाली पांढरा पडदा दिसतो आणि माध्यम निळे होते. पडदा खाली असतो, कारण नत्र स्थिर करताना त्याला ऑक्सिजन अगदी थोडाच चालतो. नळी हलवली की पडदा मोडतो आणि मग वाढच नाही असे वाटते.

कॅम्पायलोबॅक्टर जेजुनीला ४२ अंश, ५ टक्के ऑक्सिजन आणि १० टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो. रक्त-अगरवर ०.४५ किंवा ०.६५ मायक्रोमीटरचा फिल्टर ठेवून त्यावर नमुन्याचे थेंब टाका आणि अर्ध्या तासाने फिल्टर उचलून टाका. बारीक, चपळ जिवाणू छिद्रांतून खाली उतरतात, बाकीचे वरच राहतात. यात चुकते ते जुन्या कल्चरमुळे. दोन-तीन दिवसांनी किंवा हवेत राहिल्यावर पेशी गोल होतात आणि विद्यार्थी कॉकाय (गोल जिवाणू) असे लिहून मोकळे होतात. ग्रॅम स्टेनमध्ये सॅफ्रॅनिनने तो फिकट दिसतो, पातळ कार्बोल फुक्सिन वापरा.

लेप्टोस्पायरासाठी ईएमजेएच माध्यम. ट्वीन ८० आणि बोव्हाइन सिरम अल्ब्युमिन हा त्याचा गाभा, कारण हा जीव कार्बन आणि ऊर्जा लांब साखळीच्या मेदाम्लांपासूनच घेतो, साखरेचा त्याला उपयोग नाही. मोकळी मेदाम्ले मात्र त्याला विषारी ठरतात, त्यांना बांधून ठेवायचे काम अल्ब्युमिन करते. अल्ब्युमिनचा बॅच खराब निघाला की सगळ्या नळ्या गप्प बसतात, म्हणून नवा बॅच ओळखीच्या कल्चरवर तपासूनच वापरा. पाणी ०.४५ किंवा ०.२२ मायक्रोमीटरच्या फिल्टरमधून गाळून माध्यमात टाका. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम ५-फ्लुओरोयुरॅसिल घातले की बाकीचे मागे पडतात. २८ ते ३० अंश, अंधारात. अर्धघन माध्यमात पृष्ठभागाखाली एक ते तीन सेंटिमीटरवर वाढीचे कडे दिसते. पाण्यातले निरुपद्रवी लेप्टोस्पायरा काही दिवसांत येतात, रोगकारकांना काही आठवडे लागतात. नळ्या बारा-तेरा आठवडे दर आठवड्याला डार्कफील्डमध्ये तपासल्याशिवाय नकारात्मक म्हणू नका.

आता घरच्यांच्या काळजीचा भाग. तळ्यात दिसलेला लेप्टोस्पायरा रोगकारक आहे की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. दोन्ही अगदी सारखे दिसतात. पूर्वी दोनच जाती मानत: इंटेरोगान्स आणि बायफ्लेक्सा. १३ अंशांवर आणि ८-अझाग्वानिन असताना वाढला तर निरुपद्रवी बायफ्लेक्सा. आता जीनोमवरून साठाहून जास्त जाती झाल्या आहेत, पी१, पी२, एस१ आणि एस२ अशा चार गटांत (पी रोगकारकांच्या बाजूचे, एस निरुपद्रवी). सिरोव्हारची (प्रतिपिंडांनी वेगळे ओळखू येणाऱ्या प्रकारांची) वाटणी मात्र पेशीच्या बाहेरच्या आवरणातल्या लायपोपॉलिसॅकराइडवर होते, ती तीनशेच्या घरात आहे, आणि ती जातींशी जुळत नाही. एकच सिरोव्हार दोन जातींत सापडतो. त्यामुळे अहवालात जात आणि सिरोव्हार दोन्ही वेगवेगळे लिहितात. पाण्यातला रोगकारक शोधायचा तर लिपएल३२ जनुकाचा पीसीआर (जनुकाच्या प्रती वाढवून ते शोधण्याची चाचणी) करा. १६एसवरून (राइबोसोमच्या आरएनएच्या जनुकावरून) पी१ गटातल्या जाती नीट सुटत नाहीत, त्यांच्यात ९९ टक्क्यांवर साम्य असते. तिथे सेकवाय जनुक किंवा पूर्ण जीनोम घ्यावा लागतो.

रुग्णाच्या रक्तात डार्कफील्डने लेप्टोस्पायरा शोधणे टाळावे, हे मी ठामपणे सांगते. एका क्षेत्रात एक दिसायला मिलिलिटरला सुमारे दहा हजार असावे लागतात. फायब्रिनचे धागे आणि तुटलेल्या तांबड्या पेशींचे शेपटे ब्राउनियन हालचालीने वळवळतात आणि हुबेहूब स्पायरोकीट वाटतात. या चुकीने रुग्णाला नसलेला रोग चिकटतो आणि असलेला राहून जातो. दक्षिण गुजरातमध्ये, सुरत, नवसारी, वलसाड भागात भात आणि उसाच्या शेतात काम करणाऱ्यांना पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो, हे तिथल्या डॉक्टरांना चांगले ठाऊक आहे. बडोद्यात पुराच्या पाण्यात उभे राहून आलेल्या माणसाला महिन्याभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे, लाल डोळे दिसले तर डॉक्टरांना पाण्याशी आलेला संबंध पहिल्यांदा सांगा. पहिल्या आठवड्यात रक्ताचा पीसीआर, नंतर प्रतिपिंडांची आयजीएम एलायझा चाचणी. अँटिबायोटिक सुरू करायला निकालाची वाट पाहत नाहीत. मायक्रोस्कोपिक अ‍ॅग्लुटिनेशन टेस्टला (रुग्णाच्या सिरमने जिवाणूंचे गठ्ठे होतात का ते पाहणारी चाचणी) जिवंत सिरोव्हारांचा संच सांभाळावा लागतो, म्हणून ती मोजक्याच ठिकाणी होते. पोर्ट ब्लेअरचे (२०२४ पासून श्री विजयपुरम) आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, केंद्र त्यासाठी ओळखले जाते.

नावाबद्दल एक नियम लक्षात ठेवा. नवी जात अधिकृत व्हायची तर शुद्ध कल्चर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावे लागते. आपल्याकडे असे संग्रह म्हणजे चंडीगडचे एमटीसीसी आणि पुण्याचे एनसीएमआर. १६एस साम्य ९८.७ टक्क्यांखाली असेल तर नवी जात असण्याची शक्यता असते, वर असेल तर पूर्ण जीनोमचे सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य ९५-९६ टक्क्यांच्या सीमेवर तपासतात. लाइम रोगाच्या बोरेलियांना २०१४ मध्ये बोरेलिएला हे वेगळे नाव सुचवले गेले आणि त्यावर अजून वाद आहे. रुग्णाच्या अहवालात बोरेलिया लिहिलेलेच बरे, डॉक्टरला कळले पाहिजे.

तुमच्या जर्नलमध्ये आज इतकेच लिहा: नमुन्याची जागा, तारीख, पाण्याचे तापमान, ताठ की लवचिक, फ्लॅजेला बाहेर दिसले का, पिळाचे मोजलेले अंतर, रुंदी. नावाच्या जागी "स्पायरिलमसदृश" आणि "स्पायरोकीट, लेप्टोस्पायरासदृश" लिहा, आणि ईएमजेएचच्या नळीवर तारीख टाकून ती अंधारात ठेवा. तपासून झालेला नमुना आणि काचा १२१ अंशांवर १५ मिनिटे ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बेसिनमध्ये टाकू नका.